डुकराच्या दिवशी राजकारण बंद

४ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी तीन.

फेलिस्मिना, कान देऊन ऐक. ही वही तुझी आहे, यातलं सगळं तूच सांगितलेलं आहे, आणि तरीही लुसिंडा वाचून दाखवेल तेव्हा तू विचारशील, हे कुणी लिहिलं गं? तूच, म्हातारे. परवा चष्मा शोधायला अर्धं घर उलथं केलंस, आणि आपल्याला चष्माच नाही हे तुला संध्याकाळी आठवलं.

डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे. रोज ब्लडप्रेशर मोजायचं, तारीख घालायची, आणि कशानं चढलं ते खाली लिहायचं. लिहायचं म्हणे! चौऱ्याऐंशी वर्षांत शाळेची पायरी चढले ती फक्त मतदानाला. शिकायच्या वयात मी जमीनदाराची डुकरं राखत होते. म्हणून दुपारी वृद्ध-केंद्राचा डबा घेऊन येणारी लुसिंडा लिहिते. ती काय लिहिते ते मला कळत नाही, मी काय बोलते ते तिला पटत नाही. आमचं छान जमेल.

आज वरचं १७०, खालचं ९५. कारण: रूबेन.

रूबेन माझा नातू. मुलगी लक्झेंबर्गला ऑफिसं झाडायला गेली तेव्हा चार वर्षांचा होता, माझ्याकडे सोडून गेली. आता चौतीसचा आहे. काचघरांच्या मालकाकडे ड्रायव्हर आहे, परदेशी मजुरांना व्हॅनमध्ये भरून रासबेरी तोडायला नेतो-आणतो. परवा दंडावर ‘ताठ मान’ पक्षाचा पट्टा बांधून आला. परक्यांना हाकला, चोरांना ठेचा, असं ते लोक माइकवर ओरडतात. मला काळजी नाही. हा पक्ष म्हणजे सर्दी आहे. मागच्या वेळी आमच्या वालपेर्दिश गावात त्यांना अकरा मतं पडली. ते अकराही जण मला माहीत आहेत आणि त्यांची दुखणीही. हे गाव पन्नास वर्षं लाल आहे, कम्युनिस्टांचं. माझ्या नवऱ्यानं, जासिंतोनं, पोर्तुगालात क्रांती झाली त्या वर्षी जमीनदाराच्या फाटकावर ट्रॅक्टर घातला होता. रिव्हर्समध्ये घातला, पण घातला.

संकल्प: आजपासून शांत. कुणावर हात उचलायचा नाही. नाताळाच्या आत रूबेनला त्या पक्षातून बाहेर काढायचं, प्रेमानं.

९ नोव्हेंबर, रविवार. जेवणानंतर.

आकडा नाही. यंत्र पडलं. मी फेकलं नाही, पडलं. भिंतीवर.

जेवायला रूबेन आणि माझा धाकटा भाऊ झेफेरिनो. झेफेरिनो अठ्ठ्याहत्तरचा. छातीच्या खिशात लाल पक्षाचं कार्ड, आणि डुक्कर मारण्यात पंचक्रोशीत त्याच्यासारखा हात नाही. चाळीस वर्षं, एका डुकराला एक वार. एकाही डुकरानं तक्रार केली नाही असं तो सांगतो.

चण्याचं सूप होतं. पहिल्या चमच्यापर्यंत शांतता. मग झेफेरिनो म्हणाला, काय रे, पट्टा घरीसुद्धा बांधतोस? हरवलास तर मालकाकडे पोचवायला? रूबेन म्हणाला, म्हाताऱ्या, पन्नास वर्षं मुठी वळल्यात, मिळालं काय? बंद पडलेली शाळा आणि आठवड्यातून एकदा डॉक्टर. झेफेरिनो म्हणाला, आणि तुझे टायवाले काय रोज डॉक्टर पाठवणार? रूबेन म्हणाला, ते निदान आमचं ऐकून घेतात. यावर झेफेरिनोनं पाव फेकला. पाव चार दिवसांचा होता. रूबेनची भुवई फुटली.

मी शांतपणे मध्ये पडले. पळी घेऊन. दोघांना सारखंच मारलं, पक्षपात नको.

पण काळजी नाही. डुक्कर आहे. मागच्या अंगणात, जानेवारीपर्यंत एकशे साठ किलोला जाईल. गेली बारा वर्षं रूबेन डोकं धरतो आणि झेफेरिनो सुरी घालतो. एकाच्या हातात नरडं, दुसऱ्याच्या हातात पातं. धरणाऱ्यानं हात सैल सोडायचा नाही, मारणाऱ्यानं धरणाऱ्याच्या बोटांकडे बघायचं नाही. ज्या दोघांनी मिळून डुक्कर मारलं ते वर्षभर एकमेकांशी भांडत नाहीत, अशी आमच्याकडची रीत. जानेवारीत डुक्कर मारलं की सगळं मिटलं. लिहून ठेव, लुसिंडा. खाली रेघ मार.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.

यंत्राला लुसिंडानं चिकटपट्टी लावली. वरचं १६५. शांत. सकाळी पक्षाची गाडी भोंगा वाजवत गेली तेवढ्यापुरता खराटा फेकला.

कॅफेत मारामारी झाली. बाटली फुटली, बेकरीवाल्याच्या कानाला सात टाके. रूबेन तिथं होता. लुसिंडाचा नवरा अनिबाल म्हणतो की तो मारत होता. छे. सोडवत होता. सोडवताना हात जोरात फिरतात.

२९ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी सहा.

आज मोहीम. तालुक्याच्या गावी पक्षाची मोठी सभा, रूबेन स्टेजवर. माझा प्लॅन साधा होता: पक्षाच्याच फुकट बसनं जायचं, स्टेजवर चढायचं, कान धरायचा आणि घरी आणायचं. लुसिंडा म्हणाली, आजी, तुम्ही जाऊ नका. मी म्हटलं, तू फक्त तारीख घाल.

पोचले. चढले. कान धरला. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे.

लोकांना वाटलं, आजी नातवाला कुरवाळतेय. टाळ्या. पक्षाचा पुढारी धावत आला, गुळगुळीत माणूस, दोन्ही गालांची पापी घेतली, लव्हेंडरचा वास. माइक माझ्या तोंडाशी धरून म्हणाला, आजी, सांगा, तुम्हाला काय हवंय? मी खरं तेच सांगितलं. माझा नातू मला परत हवाय, म्हटलं. तो लोकांकडे वळला आणि ओरडला, ऐकलंत? या माउलीला तिचं सगळं परत हवंय! दहा हजार माणसं उठून उभी राहिली. माझ्या पायाखालचं स्टेज हलत होतं. कुणीतरी माझ्या हातात कार्नेशनचं फूल दिलं. जासिंतो गेल्यापासून मला कुणी फूल दिलं नव्हतं.

येताना बसमध्ये रूबेन शेजारी बसला. म्हणाला, आज्जी, तू कमाल केलीस. कित्येक आठवड्यांनी तो माझ्याशी हसून बोलला. म्हणजे मोहीम अर्धी फत्ते. आता मी आतून पक्ष पोखरणार.

वरचं १५०! बघा. शांत.

३ डिसेंबर, बुधवार.

चौकात पोस्टर लागलं. गोठ्याच्या दाराएवढं. त्यावर मी, फूल हातात. लुसिंडानं खालचं वाचून दाखवलं: ‘आजीला तिचं सगळं परत हवं आहे. तुम्हाला?’

केस चांगले आलेत.

दुपारी झेफेरिनो कुऱ्हाड घेऊन चौकात गेला. पोस्टरचे दोन्ही खांब तोडले, मग माझ्या तोंडावर कुऱ्हाड चालवली. कागदी तोंडावर. मग इथं आला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला. म्हणाला, ताई, हुकूमशाहीत जासिंतोला त्यांच्या बापांनी तुरुंगात उलटा टांगला होता. त्यांच्या बसनं जाताना तुला लाज नाही वाटली? मी म्हटलं, मी पोखरायला गेले होते. तो म्हणाला, तू मेलीस माझ्या लेखी. आणि गेला.

रागात बोलला. डुकराला येणार नाही असं काही म्हणाला नाही. म्हणजे येणार.

वरचं १८५. वारा आहे आज.

११ डिसेंबर, गुरुवार.

काल दिवेलागणीला समोरच्या घरावर दगडफेक झाली. वारलेल्या इदालिनाबाईचं ते घर. काचघरांचा मालक नऊ नेपाळी मजुरांना राहायला देतो. त्यांच्यातला एक जितमान. चाळिशीचा, ठेंगणा, खांदे बैलासारखे. ऑक्टोबरात मी पडले होते तेव्हा त्यानंच उचलून घरात आणलं होतं. माझं डुक्कर बघून इतका खूश झाला की डोळ्यांत पाणी. त्याच्या गावीही सणाला मारतात म्हणे.

सगळ्या काचा गेल्या. त्याच्या धाकट्या भावाचा डावा डोळा गेला. गेला म्हणजे गेला, हॉस्पिटलात काढला. मी सकाळी रस्त्यावरची काच झाडली. एका दगडाला केस चिकटले होते.

दुपारी रूबेन आला, उजव्या तळहाताला फडकं. म्हणाला, काचघराचा पत्रा लागला. लागतो पत्रा. रूबेनचा खांदा लहानपणापासून अधू, दगड लांब जातच नाही. रस्ता तरी किती, चार पावलं, हे मला लुसिंडानं सांगायची गरज नाही.

मग गार्डचा, म्हणजे आमच्या पोलिसांचा, हवालदार आला. काल सहा वाजता तुमचा नातू कुठं होता? मी म्हटलं, इथं. सूप पीत होता. कसलं? चण्याचं. त्यानं कागद पुढे केला, मी अंगठा दिला.

लुसिंडानं पेन ठेवलं. म्हणाली, आजी, काल सहाला इथं मी होते, तुमचे पाय शेकत होते. रूबेन नव्हता. मी म्हटलं, लिही ना गं. म्हणाली, काय लिहू? मी म्हटलं, सूप. तिनं काहीतरी लिहिलं. सूपला एवढी अक्षरं लागत असतील असं वाटत नाही.

मुलीचा लक्झेंबर्गहून फोन. तिच्या बिल्डिंगच्या जिन्यात कुणीतरी लिहून गेलंय, पोर्तुगीजांनो चालते व्हा. घाबरली होती. मी म्हटलं, तिकडचे लोक जनावरं आहेत. आपल्याकडे असं नाही.

२४ डिसेंबर, बुधवार. जेवणाआधी.

खारा मासा, बटाटे, कोबी शिजवून ठेवलाय. तिघांचा. रूबेन सात म्हणाला होता. झेफेरिनो काही म्हणाला नव्हता, पण ताट मांडलं.

आठ वाजले. रूबेन टीव्हीवर दिसला, पुढाऱ्याच्या मागे, टाय बांधून. माझ्याकडेच बघत होता. म्हणजे तसा आलाच.

अर्धा मासा जितमानकडे पाठवला. त्यानं ताट घासून परत दिलं, वर तीन संत्री. नाताळची मुदत संपली. हरकत नाही. पक्षातून काढणं हे काम जानेवारीत सोपं पडेल, थंडीत.

३ जानेवारी, शनिवार.

तोड सापडली. मला चौऱ्याऐंशीव्या वर्षीही डोकं आहे.

अकरा तारखेला, रविवारी, मतदान. त्याच्या आदल्या दिवशी विचाराचा दिवस. कायदा आहे: त्या दिवशी सभा नाही, भोंगा नाही, पत्रक नाही, टीव्हीवाल्यांचंसुद्धा तोंड बंद. साऱ्या देशात वर्षानुवर्षांत असा एखादाच दिवस येतो की कुणी कुणाला मत विचारत नाही. म्हणून शनिवारी, दहा तारखेला डुक्कर. डुकराच्या दिवशी राजकारण बंद! त्या दिवशी ओरडायची परवानगी फक्त डुकराला.

माणसं मोजली. सुरीला झेफेरिनो, लुसिंडाकरवी निरोप गेलाय, तो ‘हूं’ म्हणाला. डोक्याला रूबेन, म्हणाला, येईन आज्जी, एका मित्रालाही आणतो, आपल्या परंपरेचा व्हिडिओ करायचाय. पुढच्या पायांना अनिबाल आणि कान शिवलेला बेकरीवाला. मागच्या पायांना गावात माणूसच उरला नाही. जवान सगळे परदेशात. म्हणून जितमानला विचारलं. तो हसला. आजी, मी धरतो, म्हणाला.

सगळे एका बाकाभोवती. दुपारी तळलेलं काळीज, वाइन, आणि रूबेन आपला पट्टा काढून खुंटीला अडकवेल. मी बघतेय डोळ्यांसमोर.

वरचं १४५. डॉक्टरीणबाईंना आनंद होईल.

१० जानेवारी, शनिवार. संध्याकाळी.

लुसिंडा, सावकाश सांगते. नवं पान घे.

सकाळी आठला सगळे हजर. झेफेरिनो माझ्याकडे न बघता आला, सुरी फडक्यात गुंडाळलेली. रूबेन आला. पट्टा होता. आल्या आल्या त्यानं माझ्या डोक्याची पापी घेतली. मी मातीचं भांडं घेतलं, तळाशी व्हिनेगर घातलं. रक्त धरायचं काम बाईचं. धार पडायला लागली की ढवळत राहायचं, थांबलं की गोठतं, आणि गोठलं की सॉसेज गेली. माझ्या आईनं मला एवढं एकच शिकवलं.

डुक्कर बाकावर घेतलं. चौघे लटकले. रूबेनचा मित्र फोन धरून म्हणाला, मागचा तो फ्रेममध्ये नको. रूबेननं मान वळवली, तेव्हा त्याला जितमान दिसला.

रूबेन म्हणाला, आज्जी, हा इथं काय करतोय? मी म्हटलं, पाय धरतोय, तू डोकं धर. तो म्हणाला, आपलं डुक्कर, आपले हात. झेफेरिनो पहिल्यांदा बोलला. म्हणाला, आपले हात? रोज पहाटे व्हॅन भरून यांचेच हात नेतोस ना रासबेरीला? तिथं चालतात? रूबेन म्हणाला, तू गप, थडग्यातल्या. मी ओरडले, राजकारण बंद! कायदा आहे! डुक्कर माझ्याहून जोरात ओरडत होतं.

रूबेन जितमानला म्हणाला, चल, निघ. जितमाननं माझ्याकडे बघितलं. जायला तयार होता तो. मी म्हटलं, थांब.

हे लिहू नकोस. नाही, लिही.

झेफेरिनोनं सुरी घातली. आणि त्याच क्षणी रूबेननं डोकं सोडलं.

मुद्दाम नाही. मी जवळच होते. बोटं एकेक करून उघडली त्यानं. पण मुद्दाम नाही.

सुरी काळजाऐवजी खांद्यात शिरली. एकशे साठ किलो उसळलं. बाक उलटला, बेकरीवाल्याचं पाऊल खाली सापडलं, हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. डुक्कर सुरी तशीच घेऊन फोनवाल्याच्या गुडघ्यावर गेलं, तो आडवा. अंगणभर रक्त, भिंतीवर माझ्या डोक्याच्या उंचीपर्यंत. सुरी निखळून पडली, डुक्कर फाटक तोडून गल्लीत.

रूबेननं डुक्कर टांगायचा लोखंडी आकडा उचलला. जितमान तोवर उठतच होता, हात रिकामे होते त्याचे. रूबेननं आकडा त्याच्या तोंडावर हाणला. वाळलेलं लाकूड गुडघ्यावर मोडावं तसा आवाज. जबडा एका बाजूला लोंबला. मग दुसरा वार खांद्यावर, तिसरा पाठीवर. रूबेन रडत होता. मारताना रडत होता, लहानपणी मांजर मारलं होतं तेव्हासारखा.

झेफेरिनोनं सुरी उचलली आणि रूबेनच्या दंडात घातली, पट्ट्याच्या बरोबर मधून. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला दुसरा वार करायचा होता. अनिबालनं मागून कवळ घालून त्याला खाली पाडलं, सुरी पुन्हा मातीत.

आणि मी? ढवळत होते. भांड्यात जेमतेम दोन वाट्या रक्त पडलं होतं. मी ढवळत होते. थांबलं की गोठतं ना.

मग जितमान उठला. जबडा हातानं धरून. वाकून सुरी उचलली. सगळे थिजले. रूबेन मागे सरकला, भिंतीला टेकला. तो घाबरलेला मी पहिल्यांदा पाहिला. जमिनीवर पडल्या पडल्या त्या मित्राचा फोन चालूच होता. जितमान रूबेनच्या शेजारून निघून गेला, गल्लीत. डुक्कर कारंज्याच्या भिंतीला टेकून धापा टाकत पडलं होतं. त्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटला, आणि पुढच्या पायाच्या मागून एक वार. आवाजही नाही. परत आला, सुरी गवतावर पुसली, मूठ पुढे करून माझ्या हातात दिली. मग खाली बसला आणि पडला.

दोन अँब्युलन्स आल्या. झेफेरिनोला गार्डनं नेलं.

ब्लडप्रेशर मोजलं नाही. यंत्राला रक्त लागलंय.

११ जानेवारी, रविवार.

मतदान. शाळेच्या दाराशी लोकांनी मला वाट करून दिली. आजी, नातू कसा आहे? बिचारा. टीव्हीवर दाखवला, हात गळ्यात. आणि तो व्हिडिओ: रक्तानं माखलेला परदेशी माणूस सुरी घेऊन रूबेनच्या दिशेनं चालतोय. त्याच्या आधीचं नाही, नंतरचं नाही. तेवढंच, पुन्हा पुन्हा. विचाराचा दिवस संपायच्या आत सगळ्यांच्या फोनवर पोचला होता.

मी आत गेले. अक्षरं येत नाहीत, पण चिन्हं येतात. लाल चिन्ह कुठं असतं ते पन्नास वर्षं माहीत आहे. बोट तिथं ठेवलं. जासिंतोची आठवण काढली. मग फुली मारली.

लुसिंडा विचारतेय, कुठं? गुप्त असतं मतदान.

ठीक आहे. दुसऱ्याच्या चिन्हावर. रूबेनच्या. त्याचा हात दुखत होता गं. आजीचं एक मतसुद्धा पोराला नको का?

संध्याकाळी शाळेच्या दारावर निकालाचा कागद लागला. ‘ताठ मान’ दोनशे चौदा. लाल ब्याण्णव. माझ्या मताची गरजच नव्हती.

१२ जानेवारी, सोमवार.

झोप नाही. निश्चय झालाय. परवा गार्डचा साहेब जबानी घ्यायला येणार. सगळं सांगणार: बोटं उघडली ते, आकडा, तिन्ही वार, आणि सुरी डुकरासाठी उचलली होती ते. बेकरीवाला म्हणतो, मी बाकाखाली होतो. अनिबाल म्हणतो, मी झेफेरिनोला धरलं होतं, पाठ होती. मित्र म्हणजे मित्रच. झेफेरिनो कोठडीत, त्याचं कोण ऐकतो. म्हणजे उरले मी. मी नाही सांगितलं तर जितमानवर सुरीहल्ल्याचा खटला, मग तुरुंग, मग विमान.

लुसिंडानं माझा हात दाबला. बाई, पेन दाब.

जासिंतोच्या शपथेवर सांगणार. वरचं १९०, पण ताठ बसलेय.

१३ जानेवारी, मंगळवार.

रूबेन आला! स्वतःहून. पट्टा नव्हता, बँडेज होतं. दोन वाट्या सूप प्याला. एका हातानं नळ दुरुस्त केला, महिनाभर ठिबकत होता. माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला, चौतीस वर्षांचा घोडा. नातू परत आला माझा. जाताना दारात थांबून म्हणाला, आज्जी, तू तर रक्ताकडे बघत होतीस ना? खाली?

मी वाट्या उचलल्या. म्हणाला, उद्या जेवायला येतो. काळीज कर, तळून.

वरचं १३०. इतकं कमी कधी नव्हतं.

१४ जानेवारी, बुधवार. दुपार.

साहेब दहाला आला. सभ्य होता, टोपी काढली. विचारलं, आजी, आधी कुणी मारलं? मी सगळं सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. समोर रूबेनचं ताट मांडलेलं होतं, चुलीवर कांदा होता.

मी म्हटलं, साहेब, रक्त ढवळताना बाई मान वर करत नाही. मला काही दिसलं नाही.

त्यानं विचारलं, नेपाळ्याच्या हातात सुरी होती? मी म्हटलं, होती. हे खोटं नाही. अंगठा दिला.

बारा वाजले. एक वाजला. काळीज वातड झालं. दोनला फोन आला, रूबेनचा नाही, पक्षाच्या ऑफिसातल्या कुण्या मुलीचा. ते लिस्बनला निघालेत, म्हणाली. तुम्हाला प्रेम सांगितलंय.

लुसिंडानं पेन ठेवलं, रूबेनचं ताट उचलून आपटलं. रागव, मला काय. शेवटी म्हणाली, उद्या मी हॉस्पिटलात जाणार आहे, जितमानच्या दाराशी गार्ड बसवलाय, तरी जाणार आहे. मी म्हटलं, जा. ती म्हणाली, काही सांगू त्याला?

नको. सांगू नकोस काही. अंगणातली काळी कोंबडी घे, मान मी मुरगाळून देते. दोन तास मंद उकळ. जबडा तारेनं बांधलाय त्याचा, नळीतूनच जाईल, म्हणून फडक्यानं दोनदा गाळ, हाडाचा कण राहता कामा नये. कोथिंबीर वाटून घाल, मीठ कमी. डुकराचं काही पाठवू नकोस. झाकण घट्ट लाव. आणि कुणी पाठवलं म्हणून विचारलं, तर वृद्ध-केंद्राचं आहे म्हण.